बाबांच्या शेजारचा माणूस

गुलाबराव रामटेके यांना जाऊन वर्ष व्हायला आलं, तेव्हा मालनबाईंच्या मनानं एकच घेतलं: पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला जी माणसं येतील, त्यांच्या हाती गुलाबरावांच्या व्हिडिओची एकेक डिस्क द्यायची. फोटो नको. फोटो भिंतीवर होताच. जबलपूरच्या महाराजपुरातल्या त्यांच्या शेजारणीनं आपल्या नवऱ्याची अशी डिस्क वाटली होती. त्यात तो म्हातारा अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसला होता, मधेच कुणाला तरी हाक मारत होता, आणि पाहणाऱ्याला वाटे की आता उठून चहा मागेल. ते पाहिल्यापासून मालनबाईंना चैन नव्हतं.

"चालताबोलता पाह्यजे तुझा बाप," त्या लताला म्हणाल्या. "फोटोतला मुका कायले? मुका तं तो जिवंतपणीबी होता."

लता हसली. पण गुलाबराव चालतेबोलते दिसतील अशी जगात एकच जागा होती, आणि ती म्हणजे लताच्या लग्नाची कॅसेट.

ती कॅसेट लोखंडी पेटीत, जुन्या चादरीच्या घडीत पडून होती. लता सासरहून परत आली त्या वर्षी मालनबाईंनी ती तिथं टाकली आणि वर पेटीचं झाकण लावलं. नवरा अमरदीप कटनीचा, चांगल्या नोकरीतला, बोलायला गोड. त्याचं बिलासपूरला आधीपासून एक घर होतं, एक बाई होती, तिच्यापासून एक मुलगी होती. लताला ते दुसऱ्या वर्षी कळलं. तिनं भांडण केलं नाही; एक बॅग भरली आणि पहाटेच्या गाडीनं जबलपूरला आली. फाटक गुलाबरावांनीच उघडलं. त्यांनी तिच्या हातातली बॅग घेतली आणि आत वळून म्हणाले, "चहा ठेव वं, लता आली." बस. ना त्या दिवशी काही विचारलं, ना पुढं कधी. कागदोपत्री सुटका झाली, लताला अधारतालच्या विद्यापीठाच्या ऑफिसात नोकरी लागली, दिवस सरळ झाले. फॅक्टरीतल्या मशीनच्या गोंगाटात सगळी नोकरी काढलेला हा माणूस घरी आल्यावर शांततेचाच भुकेला असावा, असं लता धरून चालली होती.

पण त्या लग्नात मात्र ते माइक हाती घेऊन बोलले होते. काय बोलले, ते कुणाला नीट आठवत नव्हतं. लता नवरी होती. पांढऱ्या साडीचा पदर सांभाळत, पायातल्या नव्या चपलेचा चावा सोसत ती मांडवात बसली होती आणि तिच्या कानात नुसता घोंघाट होता. मालनबाई तर मांडवात नव्हत्याच. भात कमी पडतो की काय म्हणून त्या मागं स्वयंपाकाकडं धावल्या होत्या.

"तेच भाषण घे," मालनबाई म्हणाल्या. "पण त्याचं तोंड नको दिसाले. माह्या घरात, माह्या नवऱ्याच्या कार्यक्रमात तो मानूस नको."

रत्नाकर भैयाचं दुकान गोहलपुरात, एका वेल्डिंगच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर होतं. लोखंडी जिना, एक खोली, दोन कॉम्प्युटर, भिंतीला लावलेले ट्रायपॉड. लग्नाचं शूटिंग हा त्याचा धंदा, आणि जुन्या कॅसेटींच्या डिस्क करून देणं हा जोडधंदा. मूळचा बालाघाटकडचा, बोलणं अर्धं मराठी, अर्धं हिंदी. कॅसेटला बुरशी धरली होती. त्यानं ती पुसून काढली, सावकाश फिरवली आणि सगळं लग्न कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं.

"दीदी, चित्र अच्छा निघालं," तो म्हणाला. "कॅसेटवर जेवढं होतं तेवढं पूरं आलं. आता याच्यातून तुमाले जे पाह्यजे ते मी असंच्या असं कापून देतो. थोडंच हाये, तं डिस्कवर आरामात बसते. अख्खं लग्न कोंबलं असतं तं चेहरे पुसट झाले असते."

लतानं मग अट सांगितली. रत्नाकरनं आवाज बंद ठेवून भाषणाचा भाग लावला. स्टेजवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, समोर विझत आलेल्या मेणबत्त्या. तसबिरींच्या पुढं गुलाबराव उभे, कडक इस्त्रीचा शर्ट, हातात माइक. आणि त्यांच्या अगदी खांद्याला खांदा लावून अमरदीप. गुलाबरावांचा डावा हात त्याच्या खांद्यावर. भाषण संपेपर्यंत तो हात तिथून हलला नव्हता.

रत्नाकरनं जीभ चावली. "हे तं चिपकून हायेत, दीदी."

"काही करता येईल का?"

"करता सब येते. पण पाहा, साडीचा फॉल उसवून दुसरा लावला तं साडीले काही होत नाही. तुमी मले म्हणाल साडीवरचा हा एक मोर काढून टाका, तं साडीच उसवून विनावी लागते. नुसतं कापलं तं चित्राले हात लागत नाही. एखाद्याले हटवाचं म्हटलं तं कॉम्प्युटर सारं चित्र नव्यानं बनवते. आन् नव्यानं बनवलं का जुन्यातलं थोडं मरते."

"थोडं मेलं तर चालेल," लता म्हणाली.

चार-पाच दिवसांनी ऑफिसातून परतताना ती पुन्हा त्या जिन्यानं वर गेली. रत्नाकरनं चित्र मोठं करून, अमरदीप चौकटीच्या बाहेर जाईल इतकं गुलाबरावांच्या चेहऱ्यापाशी आणलं होतं. लतानं पाहिलं आणि तिला कसंसंच झालं. बाबांचा गाल चौकोनी ठिगळांचा झाला होता. डोळ्यांच्या जागी दोन काळे डाग. ते बोलताना ओठ हलत, पण ओठांच्या कडा मागून फरफटत येत. उजव्या भुवईतला केस नसलेला पट्टा, लहानपणी विळा लागल्याची ती खूण, लताला पाठ होती. इथं तिचा मागमूस नव्हता. आणि खांद्यापाशी कुठून तरी एक कापलेला हात शिल्लक राहिला होता.

"हे बाबा नाहीत," ती म्हणाली.

"म्हनूनच म्हणलं होतं दीदी. अच्छा, एक और तरीका है. दाखवतो. पण या वेळी काकूंना घेऊन या. नाही तं मी करत राहीन आन् घरी काकू नाही म्हणतील."

रविवारी मालनबाई तो लोखंडी जिना एकेक पायरी धरून चढल्या. खाली कारखान्यात घण चालू होता, त्यानं खोलीची जमीन थरथरत होती. रत्नाकरनं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि दुसरा नमुना लावला. या खेपेस त्यानं चित्र मोठं केलं नव्हतं; फक्त अमरदीपच्या तोंडावर धुक्यासारखा एक गोळा बसवला होता. तो मान हलवी तिकडं तो गोळाही हले.

मालनबाई पुढं वाकल्या. "हा कोन चोर उभा केला यांच्या बाजूले?"

लताला हसू फुटलं. रत्नाकरही हसला. खरंच, टीव्हीवरच्या बातम्यांत पोलीस जसे आरोपीला धरून उभे राहतात, तसे गुलाबराव त्या बिनचेहऱ्याच्या माणसाला धरून उभे होते. आणि वाईट असं की नजर राहून राहून त्या गोळ्याकडंच जात होती. बाबांकडं कुणी पाहणारच नव्हतं.

"याच्यापेक्षा तं तोंडच बरं," मालनबाई पुटपुटल्या, आणि लगेच त्यांनी स्वतःला सावरलं. "नाही, पण नकोच तो."

"आई, एकदा मूळचं पाहू," लता म्हणाली. "ते काय बोलले ते आपण दोघींनी अजून ऐकलंच नाही. मी इथं येते आणि नुसतं त्याला कसं काढायचं तेच पाहत बसते."

रत्नाकरनं आवाज वाढवला, पण खालचा घण मध्ये येत होता. तो जिन्यावर गेला आणि ओरडला, "अरे भैया, थोड़ी देर हथौड़ा रोक दो, बुज़ुर्ग लोग बैठे हैं!" खालून कुणी काहीतरी म्हटलं. मग घण थांबला.

पडद्यावर गुलाबरावांनी माइक तोंडापाशी नेला, दूर धरला, पुन्हा जवळ आणला.

"मी बोलनारा मानूस नाही," ते म्हणाले. आवाज जरा कापरा, पण तोच. शब्द संपता संपता खाली बसणारा. "मशीनवर काम करतो. आज बोलतो." मांडवात कुणीतरी खोकललं. ते अमरदीपकडं वळले आणि माइकचं भानच विसरल्यासारखं, घरात बसून बोलावं तसं बोलू लागले. "जावईबापू, पोरीले मी तुमच्या घरी पाठवून राहिलो, तुमच्यावर टाकून नाही राहिलो. तिचं घर तिकडंबी हाये, इकडंबी हाये. ती कधी एकटी आली तं मी दारात उभं राहून तिले कारन नाही इचारनार. हे मी आज चार लोकांत सांगून ठेवतो, म्हंजे माह्यावर बंधन राहते." मागं कुणीतरी फिसकन हसलं, लग्नाच्या दिवशी असं कोण बोलतं? गुलाबराव थांबले नाहीत. "आन् तुमीबी. तुमाले कधी जड गेलं, खोटं बोलाची वेळ आली, तं त्याच्याआधी माह्याकडं या. चहा पिऊ. मी रागावनार नाही." अमरदीपनं खाली पाहत मान हलवली. "जी, बाबूजी." त्याचे डोळे कॅमेऱ्याकडं गेले आणि पटकन परत फिरले.

रत्नाकरनं चित्र थांबवलं. खाली घण अजून सुरू झाला नव्हता.

"मी तवा चुलीवरच्या भाताच्या गंजापाशी होती," मालनबाई म्हणाल्या. "मले कोनी सांगतलंच नाही."

त्या पहाटेचं फाटक, बाबांनी घेतलेली बॅग, आत टाकलेली हाक, हे सगळं लतानं त्यांच्या स्वभावाच्या खात्यावर जमा केलं होतं. न बोलणारा माणूस, म्हणून विचारलं नाही. कधी कधी रागही आला होता तिला त्या गप्प बसण्याचा. एक शब्द तरी विचारायचा होता. पोरीच्या संसाराचं काय झालं याची काहीच पर्वा नाही का? आणि इथं तो माणूस ती परत येण्याच्या कितीतरी आधी सांगून बसला होता की मी विचारणार नाही, आणि मग शब्द पाळत बसला होता.

"भैया, काही हटवू नका," ती म्हणाली. "जसं आहे तसं द्या."

"लता," मालनबाई म्हणाल्या, "लोक त्याले पाहतील. मंग तुह्याकडं पाहतील. खुसुरफुसुर करतील."

"करू दे. आई, बाबा त्याच्याशी बोलून राहिलेत. तो नसला तर ते कुणाशी बोलतात? भिंतीशी?"

मालनबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "तुह्यं लगन, तूच पाह्य," एवढंच त्या म्हणाल्या. हो नव्हतं, नाहीही नव्हतं. जिना उतरताना मात्र त्यांनी लताचा दंड घट्ट धरला होता.

लता दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, तेव्हा रत्नाकर कापाकापी करत होता. कापायची जागा आपल्या मनानं ठरत नाही, असं त्यानं सांगितलं. फाइलमध्ये थोड्या थोड्या अंतरावर पूर्ण चित्र साठवलेलं असतं. मधली चित्रं त्याच्या आधारानं उभी असतात. चित्राला हात न लावता कापायचं तर त्या पूर्ण चित्रावरच कात्री लावावी लागते. म्हणून डिस्क गुलाबराव बोलू लागतात तिथून नाही, त्याच्या जरा आधीपासून सुरू होणार होती.

"जरा म्हणजे पापणी लवते तेवढं," तो म्हणाला. "नको असेल तं तेवढा तुकडा नव्यानं बनवून देतो. कोनाले समजनारबी नाही."

त्या जरा आधीच्या क्षणात अमरदीप माइक पुढं करत होता. माइकच्या जाळीवर सरबत की चहा काहीतरी उडालं असावं. त्यानं तो आपल्या नव्या रुमालानं पुसला होता आणि मग दोन्ही हातांनी सासऱ्याच्या हाती दिला होता. चेहऱ्यावर हसू, कपाळावर घाम.

लतानं ते दोनतीनदा मागंपुढं करून पाहिलं. या माणसाचा चेहरा तिनं मनात इतक्या वेळा नव्यानं काढला होता, की लग्नाच्या दिवशीही तो लबाडासारखाच हसत होता असं तिला पक्कं वाटत असे. इथं तसं नव्हतं. इथं एक घाबरलेला तरुण होता. त्याच्या खिशात एक खोटं होतं आणि तरीही त्यानं म्हाताऱ्याच्या ओठांना लागेल म्हणून माइक पुसला होता. तिला त्याची कीव आली नाही, त्याला माफ करावंसंही वाटलं नाही. पण त्याची फसवणूक आणि तो पुसलेला माइक, दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि एक टिकवायला दुसरी पुसायची गरज नव्हती.

"राहू द्या ते," ती म्हणाली.

कार्यक्रमाच्या दिवशी महाराजपुरातलं ते छोटं घर भरून गेलं. भंडाऱ्याहून, गोंदियाहून, नागपूरहून माणसं आली. त्रिशरण-पंचशील झालं, वंदना झाली, जेवणाआधी पुढच्या खोलीत टीव्हीवर डिस्क लावली. चित्र स्वच्छ होतं. गुलाबरावांच्या भुवईतला तो पट्टासुद्धा दिसत होता. बायका पदर डोळ्यांना लावू लागल्या. अमरदीप दिसला तशी एक कुजबुज खोलीभर फिरली, दोन-चार माना लताकडं वळल्या. तिला क्षणभर वाटलं की उठून टीव्ही बंद करावा. आपण उगाच हट्ट केला. तिनं आईकडं पाहिलं. मालनबाई ताठ बसल्या होत्या, कुणाकडंही न पाहता.

मग गुलाबराव बोलू लागले, आणि माना आपोआप पुन्हा टीव्हीकडं फिरल्या. "कारन नाही इचारनार" पर्यंत येता येता खोलीत कुणी हलत नव्हतं. संपल्यावर लताचे मामा भाऊराव घसा खाकरून म्हणाले, "मी होतो तिथं. मीच हसलो होतो मांडवात. काय येडा मानूस हाये म्हटलं." मग ते उठून हात धुवायला गेले.

जेवणं उरकली. लता मागं भांडी आवरत होती, तेव्हा कुसुमआत्या आत आल्या आणि भिंतीला टेकून पाटावर बसल्या. गुलाबरावांची ही धाकटी बहीण तुमसरजवळच्या खेड्यात दिलेली. लताच्या लग्नाला त्या आजारपणामुळं येऊ शकल्या नव्हत्या.

"मी तुह्यासारखीच आली होती एकदा," त्या म्हणाल्या. "लगन होऊन सालबी नव्हतं झालं. माह्या बापानं दारातच इचारलं, काहून आली? मी सांगतलं. त्यानं म्हटलं, जा वापस. आन् मले सोडाले तुह्या बापालेच पाठवलं. नुकताच फॅक्टरीत लागला होता, पोरगंच होतं. गाडीत सारा रस्ता माह्यासमोर बसून राहिला, एक शब्द नाही बोलला. टेसनावर मले केळं घेऊन देलं. फाटकापाशी सोडलं आन् मागं न पाहता निंगून गेला."

लतानं हातातलं पातेलं खाली ठेवलं. "बाबांनी हे कधी..."

"तो कायले सांगते! माह्यासंगबी नाही बोलला कधी त्याच्यावर. येत होता, बसत होता, लेकराच्या हातावर खाऊ ठेवत होता, जात होता. मले वाटे, विसरला असन. पुरुषाले काय आठवते." आत्या हातातल्या बांगडीशी चाळा करत राहिल्या. "आज समजलं, विसरला नव्हता. पन बोलला तं कोनापाशी बोलला. जावयापाशी. माह्यापाशी नाही."

"राग येते का आत्या?"

"येते ना. मेला तरी येते." त्यांनी आपली पिशवी पुढं ओढली. "पन दे. मलेबी एक दे."

"तुमच्याकडं मशीन आहे का, लावायला?"

"नाही. नातू घेईन म्हनते, घेईन तवा घेईन. तू दे तं खरी."

लतानं हात पुसले, पुढच्या खोलीतून एक डिस्क आणली, ओरखडा पडू नये म्हणून मऊ कापडात गुंडाळली आणि आत्याच्या पिशवीत लुगड्यांच्या मधे सरकवून ठेवली. बाहेर मालनबाई पाहुण्यांना निरोप देत होत्या, कुणाला तरी डिस्क कशी धरायची ते सांगत होत्या: कडेनं धर, बोटं लावू नको.

आत्या उठल्या नाहीत. "तुमसरची गाडी सांजची हाये," त्या म्हणाल्या. "तवरक एकदा लाव ना फिरून. या वख्ती गर्दी नाही. मले त्याचं पुरतं आयकाचं हाये."

लतानं त्यांना हाताला धरून उठवलं. पुढच्या खोलीत आता कुणी नव्हतं. सतरंजीवर चुरगळलेली दोन फुलं तेवढी पडली होती. आत्या टीव्हीच्या अगदी जवळ बसल्या, बहिरं माणूस बसतं तशा, आणि म्हणाल्या, "आवाज वाढव."